सुगीचे सण आणि आपलीं मुलें

आधारवचनें : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १४, वचनें ८ ते १८



पाऊस उघडला आहे. बाजरीचीं कणसें खुडून झालीं, भाताच्या खाचरांत विळे फिरूं लागले, आणि ज्यांच्या काळ्या जमिनी आहेत ते ज्वारीच्या पेरणीच्या तयारीस लागले आहेत. गांवांत घरोघर सारवण चाललें आहे. दसरा, कोजागिरी, दिवाळी असे एकामागून एक सण ह्याच दिवसांत येतात. अशा वेळीं आपल्या मंडळींतील मुलें कोठें उभीं असतात, काय पाहतात आणि मनांत काय विचार करितात, ह्याविषयीं आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास आम्ही एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों होतों. संध्याकाळीं उपदेशकांच्या ओटीवर मुलांचा वर्ग भरला होता. गांवांतून फटाक्यांचे आवाज येत होते, आणि मुलांचे डोळे पुस्तकावर असले तरी कान गांवाकडे होते. इतक्यांत सात-आठ वर्षांचा एक मुलगा मान वर करून म्हणाला, "मास्तर, आपला सण कवा असतो?" उपदेशक म्हणाले, "अरे, नाताळ आहे कीं!" मुलगा म्हणाला, "तो लांब हाय. पीक घरला आल्यावर आपण काय करतो?" उपदेशकांनीं आमच्याकडे पाहिलें आणि आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें. त्या प्रश्नाचें उत्तर दोघांपैकीं एकापाशींहि तयार नव्हतें. धडा पुढें चालला, परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला.

मुलाच्या ह्या प्रश्नास आपल्या घरांतून बहुधा दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, "तें सर्व सैतानाचें आहे, तिकडे पाहूंहि नको." कोणी म्हणतो, "सण सगळे सारखेच. जा, सगळ्यांबरोबर तूंहि कर." पहिल्या उत्तरानें मूल शेजाऱ्यास तुच्छ मानावयास शिकतें, आणि ज्या आनंदास तें मुकलें त्याची खंत मनांत दाबून ठेवितें. दुसऱ्या उत्तरानें आपण कोणाचे आहों हेंच त्यास कळेनासें होतें. ह्या दोहोंहून निराळा असा एक मार्ग पवित्र शास्त्रांत आहे, आणि तो आपणांस लुस्त्र नगराच्या वेशीपाशीं सांपडतो.

तेथें काय घडलें तें आठवा. जन्मापासून पांगळा असलेला एक मनुष्य पौलाच्या शब्दानें उठून चालूं लागला. तें पाहून लोक आपल्या भाषेंत ओरडूं लागले कीं, देव मनुष्यरूपानें आपल्याकडे उतरले आहेत. त्यांनीं बर्णबास ज्यूस म्हटलें आणि पौलास हर्मेस म्हटलें. ज्यूसाचा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशीं आला. तेव्हां त्या दोघां प्रेषितांनीं आपलीं वस्त्रें फाडलीं, गर्दींत उडी घातली आणि तो यज्ञ थांबविला. येथें त्यांनीं तिळमात्र तडजोड केली नाहीं. परंतु नंतर पौल काय बोलला? त्या लोकांस मोशे ठाऊक नव्हता, संदेष्टे ठाऊक नव्हते. ते साधे शेतीभातीचे लोक होते. म्हणून पौलानें पावसापासून आरंभ केला. जिवंत देवानें आजपर्यंत सर्व राष्ट्रांस आपापल्या वाटांनीं जाऊं दिलें, तरी तो स्वतःविषयीं साक्ष दिल्यावांचून राहिला नाहीं. आकाशांतून पर्जन्य देणारा, पिकांचे ऋतु देणारा, अन्नानें आणि हर्षानें मनें तृप्त करणारा तोच होय, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

हर्ष हा शब्द येथें लक्षांत ठेवावा. केवळ पीक देवाचें आहे एवढेंच पौल सांगत नाहीं. पीक पाहून शेतकऱ्याच्या मनांत जो आनंद उसळतो, तोहि देवाचीच देणगी आहे असें तो सांगतो. तो आनंद भलत्या वेशीपाशीं गेला होता, म्हणून पौलानें त्यास खऱ्या दात्याचें घर दाखविलें. आपल्या मुलांस जगांतील सुगीच्या सणांविषयीं जें शिकवावयाचें तें ह्याच रीतीनें शिकवावें. निरनिराळ्या देशांतील लोकांनीं पीक घरीं आल्यावर काय केलें हें मुलांस सांगणें म्हणजे देवाची ती जुनी साक्ष त्यांस वाचून दाखविणें होय.

प्रथम इस्राएल लोकांकडे पाहूं. सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशीं, खळ्यांतील धान्य आणि द्राक्षकुंडांतील रस गोळा झाल्यावर, त्यांनीं सात दिवस मांडवांचा सण पाळावा अशी देवाची आज्ञा होती. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायांत ती सविस्तर आहे. ऐन भरभराटीच्या दिवसांत लोकांनीं पक्कीं घरें सोडावीं आणि झाडांच्या डहाळ्यांच्या मांडवांत राहावें. असें कां? त्याचें कारण तेथेंच दिलें आहे. मिसर देशांतून सुटून आलेले आपले पूर्वज रानांत मांडवांत राहिले, हें पुढल्या पिढ्यांस कळावें म्हणून. म्हणजे हा सण मुलांस शिकविण्याकरितांच होता. कोठार भरलें त्याच दिवशीं बापानें लेंकराचा हात धरून झोपडींत जावें आणि म्हणावें, "बाळा, आपण येथून आलों."

त्याच अध्यायाच्या ऐन मध्यें, सणांच्या याद्यांमध्यें, एक आज्ञा आली आहे. ती वरवर पाहतां तेथें शोभत नाहीं असें वाटतें. शेताचे कोनेकोपरे पुरते कापूं नका, आणि पडलेला सरवा वेंचूं नका. तो गरिबाकरितां आणि परक्याकरितां राहूं द्या. सणाच्या विधींत सरव्याचें काय काम? परंतु देवाच्या दृष्टीनें सरवा सोडल्यावांचून सणच होत नाहीं. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायांत ह्या सणास कोणीं कोणीं आनंद करावा त्यांची यादी आहे : पुत्र, कन्या, दास, दासी, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा. मुलांकडून हीं आठ नांवें बोटांवर मोजवून घ्यावीं. त्यांतील शेवटल्या चौघांस बहुधा स्वतःचें शेत नसे. ज्याचें शेत नाहीं त्याचाहि सण, असें देवानें लिहून ठेविलें आहे.

बंधूंनो, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांच्या काळजास भिडली पाहिजे. आपले आजे-पणजे सुगीच्या दिवशीं कोठें उभे होते? खळ्याच्या कडेस. रास दुसऱ्याची, माप दुसऱ्याच्या हातीं, आणि वर्षभर गांवाचें काम करून बलुत्याच्या पसाभर दाण्यांकरितां वाट पाहत त्यांस उभें राहावें लागे. १९५८ सालच्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें रद्द झालीं आणि तें उभें राहणें संपलें. तरी आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें आजहि दुसऱ्याच्याच रानांत मजुरीनें कापणी करितात. अशा घरच्या मुलास, "पिकाचा सण शेतवाल्यांचा, आपला नाहीं," असें वाटत असेल तर त्यांत नवल नाहीं. त्यास अनुवादांतील ती यादी वाचून दाखवा, आणि रूथची गोष्ट सांगा. परक्या देशची ती विधवा बवाजाच्या शेतांत सरवा वेंचीत होती, आणि तिच्याच वंशांत दावीद राजा जन्मला, आणि पुढें प्रभु येशूहि.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायांत टोपलीची गोष्ट आहे. पहिल्या पिकाची टोपली याजकापुढें ठेवितांना शेतकऱ्यानें आपल्या कुळाची हकीकत सांगावी : माझा मूळ पुरुष भटक्या होता, तो मिसरांत गेला, तेथें आम्हांस दास केलें, आम्हीं देवाचा धांवा केला, त्यानें आम्हांस सोडविलें, आणि आतां हें पाहा, त्यानें दिलेल्या भूमीचें फळ मीं आणिलें आहे. टोपली आणि हकीकत हीं दोन्हीं एकत्र आलीं पाहिजेत. टोपली असून हकीकत नसेल, तर तो नुसता बाजार झाला.

ह्याच इस्राएलाची एक शाखा आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर शेंकडों वर्षें राहिली, हें आपल्या मुलांस कदाचित् ठाऊक नसेल. जुन्या कुलाबा म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील हे बेने इस्राएल लोक मराठीच बोलत. ते शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. आपल्या वर्षारंभास त्यांनीं मराठींत "नव्याचा सण" असें नांव दिलें, आणि पाठोपाठ येणाऱ्या सणास "खिरीचा सण", कारण त्या दिवशीं नव्या धान्याची खीर होई. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं त्यांच्याकरितां मराठींतून हिब्रू व्याकरण छापविलें. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक लोक इस्राएल देशीं गेले. परंतु मोशेच्या लोकांनीं कोंकणांतल्या नव्या धान्याच्या खिरीनें देवाचें स्मरण केलें, ही गोष्ट येथल्या मुलांस सांगण्याजोगी आहे.

आतां पूर्वेकडे जाऊं. चीन देशांत आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेस शरद ऋतूच्या मध्याचा सण होतो. घरांतील मंडळी एकत्र जमतात, मुलें कंदील घेऊन फिरतात, आणि आंत गोड सारण भरलेल्या, चंद्रासारख्या वाटोळ्या वड्या वांटून खातात. त्याच पौर्णिमेस कोरिया देशांत चुसोक नांवाचा सण होतो. शहरांत गेलेलीं मुलें त्या दिवशीं आपल्या मूळ गांवीं परत येतात. नव्या तांदुळाच्या पिठाच्या, करंजीसारख्या अर्धगोल आकाराच्या पोळ्या करून त्या चिडाच्या सुईसारख्या पानांच्या थरावर वाफवितात, आणि पूर्वजांच्या कबरी साफ करितात. आपल्या येथें जो चंद्र खाचरांवर उगवतो, तोच तेथेंहि उगवतो. मुलांस हें सांगितलें म्हणजे जग किती मोठें आणि घर किती एक, हें त्यांस आपोआप कळेल.

परंतु कोरियाची गोष्ट येथेंच संपत नाहीं, आणि पुढील भाग आपल्या उपदेशकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. ह्या सणाच्या सकाळीं नव्या पिकाचें अन्न पूर्वजांपुढें मांडून त्यांस दंडवत घालण्याची तेथें जुनी चाल आहे. १८८४ व १८८५ सालीं प्रॉटेस्टंट मिशनरी तेथें गेले, आणि जे लोक प्रभूकडे आले त्यांस हाच पेंच पडला. मृतांची पूजा करावी, तर प्रभूस दुखवावें लागे, न करावी, तर गांव म्हणे, "हे आईबापांस विसरले!" त्यांनीं पूजा सोडली, आणि त्याकरितां पुष्कळ बोलणीं सोसलीं. परंतु घरीं जाणें त्यांनीं सोडलें नाहीं. कबरी साफ करणें सोडलें नाहीं, आणि पोळ्याहि सोडल्या नाहींत. पूजेच्या जागीं त्यांनीं घरची उपासना ठेविली. सारें कुटुंब बसतें, शास्त्र वाचितें, गेलेल्या आईबापांबद्दल देवाचे आभार मानितें आणि मग एकत्र जेवतें. शिवाय तेथील मंडळ्या बहुधा नोव्हेंबर महिन्याच्या तिसऱ्या रविवारीं कापणीचा आभारदिन पाळितात. जें देवाचें तें देवास, आणि जें आईबापांचें तें आईबापांस, असा निवाडा त्या साध्या शेतकऱ्यांनीं केला. आपल्या येथेंहि असाच निवाडा करावा लागतो.

पश्चिमेकडील दोन गोष्टी सांगतों. इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतांत समुद्रकांठीं मॉर्वेन्स्टो नांवाचें एक लहान खेडें आहे. तेथें रॉबर्ट हॉकर नांवाचे पाळक होते. खडकांवर जहाजें फुटून मेलेल्या खलाशांस सन्मानानें मूठमाती देणारे म्हणून त्यांचें नांव आहे. १८४३ सालीं त्यांनीं आपल्या गांवकऱ्यांस बोलावणें केलें कीं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं नव्या धान्याच्या भाकरीनें आपण प्रभुभोजन घेऊं. मंदिरें धान्याफळांनीं सजवून हंगामाचा सण करण्याची जी चाल पुढें इंग्रजी मंडळ्यांत पसरली, तिचा आरंभ बहुतकरून येथून धरितात. अहमदनगरास "ज्ञानोदय" पत्र १८४२ सालीं निघालें. म्हणजे हा सण आपल्या मराठी मंडळीच्या पत्राहूनहि एका वर्षानें धाकटा. पुष्कळांस वाटतें कीं, असल्या गोष्टी मोठ्या शहरांतून आणि मोठ्या सभांतून ठरून येतात. ही तर आडबाजूच्या एका खेड्यांतील पाळकापासून निघाली. खेड्यांतील उपदेशकांनीं ह्यावरून धीर घ्यावा.

दुसरी गोष्ट अमेरिकेची आहे, आणि ती सांगतांना अर्धी सांगूं नये. १६२० सालीं धर्मस्वातंत्र्याकरितां निघालेले कांहीं इंग्रज लोक इतर प्रवाशांबरोबर प्लिमथ येथें उतरले. सुमारें शंभर जणांपैकीं निम्मे पहिल्याच हिंवाळ्यांत दगावले. त्यांस मका पेरावयास, आणि बियांबरोबर खत म्हणून मासे घालावयास, टिस्क्वांटम नांवाच्या तेथल्या एका मूळ रहिवाशानें शिकविलें. हा मनुष्य कोण होता? १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला फसवून जहाजावर नेलें आणि स्पेन देशांत विकावयास काढिलें होतें. तो कसाबसा मायदेशीं परतला तेव्हां त्याचें सारें गांव रोगानें मेलेलें होतें. अशा मनुष्यानें त्यांस पेरावयास शिकविलें! १६२१ सालच्या शरद ऋतूंत पीक आल्यावर त्यांनीं मेजवानी केली. वांपानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट आपलीं नव्वद माणसें घेऊन आला, त्यांनीं पांच हरणें मारून आणिलीं, आणि तीन दिवस सर्व जण एकत्र जेवले. पुढें १८६३ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, प्रेसिडेंट लिंकन ह्यांनीं सर्व देशास आभाराचा दिवस पाळावयास सांगितलें, आणि १९४१ सालच्या कायद्यानें नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्याकरितां कायमचा ठरला.

परंतु त्या मेजवानीस पुरतीं साठ वर्षें होण्यापूर्वींच गोऱ्यांची आणि वांपानोआगांची घोर लढाई झाली. १६७६ सालीं मॅसासॉइटाचा मुलगा मारला गेला आणि त्याच्या लोकांतील पुष्कळांस गुलाम करून परदेशीं विकलें. म्हणून १९७० पासून तेथील कांहीं मूळ रहिवासी आभाराच्या त्याच दिवशीं प्लिमथ येथें जमून शोक करितात. मुलांपासून ही गोष्ट लपवूं नये. ज्यानें पेरावयास शिकविलें त्याच्याच जमातीची भूमि हिरावून घेतली, तर पानावरचा घांस आभार मानून खाल्ला तरी तो देवापुढें साक्ष देतो. आभार आणि न्याय हे एकाच घरांत राहतात. एकास बाहेर काढिलें कीं दुसराहि निघून जातो.

आपल्या देशांत परत येऊं. वसई, साष्टी आणि मुंबईच्या आसपास मराठी बोलणारे ईस्ट इंडियन रोमन कॅथोलिक लोक आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ते आगेरा नांवाचा सण करितात आणि नव्या भाताच्या लोंब्या मंदिरांत आणून देवाचा आशीर्वाद मागतात. खाचरांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं आतां इमारती उभ्या आहेत, तरी लोंब्या आणण्याचें त्यांनीं सोडलेलें नाहीं. दूर ईशान्येस मिझोरामांत तर आमच्या मतें ह्याहूनहि सुंदर एक रीत आहे. तेथील मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून घरची बाई रोजचे तांदूळ शिजविण्यापूर्वीं त्यांतून एक मूठ देवाच्या कार्यासाठीं वेगळी काढून ठेविते. मंडळीच्या बायका घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करितात. ह्या मुठीमुठींनीं उपदेशक पोसले गेले, मंदिरें उभीं राहिलीं. ज्याला शेत नाहीं त्याच्या घरींहि चूल आहे, आणि जेथें चूल आहे तेथें मूठ आहे.

आणि आपले शेजारी? कोंकणांत नव्या भाताच्या लोंब्या दारास बांधितात, घाटावर दसऱ्यास आपट्याचीं पानें देऊन एकमेकांस भेटतात, दिवाळींत ताटें भरून घरोघर फराळ पाठवितात. मुलांस सांगा कीं, ह्या लोकांच्या मनांतील पिकाचा हर्ष खोटा नाहीं. पौलाच्या म्हणण्याप्रमाणें तो देवानेंच दिलेला आहे. आपण मूर्तीपुढें हात जोडीत नाहीं, कारण ज्यानें पाऊस पाडला त्यास आपण बाप म्हणून ओळखतों. परंतु म्हणून शेजाऱ्याच्या सणाची टवाळी करण्याचा अधिकार आपणांस मिळत नाहीं. शेजारीण प्रेमानें ताट घेऊन आली, तर करिंथ येथील मंडळीस पौलानें जें सांगितलें तें स्मरावें : आभार मानून खावें, हें देवतेस वाहिलेलें आहे असें कोणी मुद्दाम सांगितलें, तरच त्याच्या विवेकाकरितां नम्रपणें नको म्हणावें. आणि आपल्या आयाबाया सांगत आल्या आहेत तेंहि विसरूं नये कीं, आलेलें ताट रिकामें परत पाठवूं नये. आपला हंगामाचा सण होईल त्या दिवशीं त्याच ताटांत आपल्या घरचें गोडधोड घालून तें परत जावें. शेजारी विचारील, "हें कशाचें?" मग सुवार्ता सांगावयास ह्याहून मोठें दार तें कोणतें?

आतां आम्हांस आमच्या स्वतःच्या एका अपराधाविषयीं बोललें पाहिजे. एका मंडळींत हंगामाचा सण होता आणि आम्ही तेथें मुख्य म्हणून बसलों होतों. मंदिर कणसांनीं, भोपळ्यांनीं, उसांनीं सजविलें होतें. उपासनेनंतर आणिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. एका सुखवस्तु गृहस्थांचा मोठा भोपळा दोनदां तीनदां विकला गेला, त्यांचें नांव प्रत्येक वेळीं पुकारलें, टाळ्या झाल्या. सर्व संपल्यावर मंदिर झाडतांना टेबलाखालीं बाजरीच्या कणसांची एक लहानशी जुडी सांपडली. सुतळीनें बांधलेली, दहा-बारा कणसें, त्यांतील निम्मीं पांखरांनीं खाल्लेलीं. एका मजुरणीच्या मुलीनें चार दिवस कापलेल्या रानांतून सरवा वेंचून ती आणिली होती. कोणीं तरी ती जागा अडवते म्हणून टेबलाखालीं सारली, आणि आमच्या डोळ्यांसमोर असूनहि आम्हीं ती पाहिली नाहीं. मुलगी आईच्या पदरास धरून दारांत उभी होती. ती रडत नव्हती. ती फक्त त्या जुडीकडे पाहत होती.

बंधूंनो, आम्हीं त्या दिवशीं तासभर इस्राएलांच्या सणावर उपदेश केला होता, आणि देवानें त्या सणांत ज्यांची नांवें घातलीं त्यांतील एकाची टोपली आमच्याच टेबलाखालीं पडली होती. जी विधवा दोन दमड्या घालून गेली तिला प्रभूनें पाहिलें होतें. आम्हीं पाहिलें नाहीं. आम्हीं ती जुडी उचलून वेदीवर ठेविली, मुलीचें नांव विचारलें, आणि उरलेल्या चार माणसांसमोर तिच्याकरितां प्रार्थना केली. परंतु टाळ्या वाजविणारे लोक तेव्हां घरीं गेले होते. मुलांस आभार मानावयास शिकवूं म्हणणाऱ्या आम्हांसच त्या दिवशीं धडा मिळाला कीं, मूल आपल्या तोंडाकडून शिकत नाहीं, आपल्या टेबलाकडून शिकतें.

म्हणून उपदेशकांस, पंचांस आणि आईबापांस आमची चार गोष्टींची विनंति आहे.

पहिली : ह्या दिवसांत रविवारच्या शाळेंत चार आठवडे सुगीच्या सणांचे धडे घ्यावे. एका रविवारीं इस्राएलाचा, एका रविवारीं पूर्वेकडील, एका रविवारीं पश्चिमेकडील, आणि शेवटीं आपल्या देशाचा. नकाशा असल्यास उत्तम. नसल्यास अंगणांत काठीनें रेघा ओढाव्या. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथें शरद ऋतु मार्च-एप्रिलांत येतो हेंहि सांगावें, म्हणजे देवाच्या पृथ्वीवर कोठें ना कोठें सुगी चालूच असते हें मुलांस कळेल.

दुसरी : मुलांनीं मंदिराच्या अंगणांत स्वतः डहाळ्यांचा एक मांडव घालावा, आणि एका संध्याकाळीं मंडळींतील सर्वांत वृद्ध मनुष्यानें त्यांत बसून हकीकत सांगावी. आपलें घराणें कोठें होतें, सुवार्ता प्रथम कोणीं आणिली, बाप्तिस्म्याच्या वेळीं काय सोसावें लागलें, हें मुलांनीं त्याच्या तोंडून ऐकावें. हीं म्हातारीं माणसें आज आहेत, उद्यां नाहींत. त्यांच्याबरोबर आपली हकीकत गेली, तर मुलांच्या हातीं नुसती टोपली राहील.

तिसरी : हंगामाच्या सणाच्या दिवशीं मुलांचीं अर्पणें सर्वांच्या आधीं वेदीपाशीं ठेवावीं, आणि लिलाव करावयाचाच असेल तर देणाऱ्याचें नांव पुकारूं नये. ज्यांस शेत नाहीं त्यांनीं मूठभर तांदूळ, एक अंडें, अंगणांतील चार मिरच्या, जें असेल तें आणावें. जमलेल्यांतून कांहीं भाग आपल्या गांवांतील विधवेच्या आणि पोरक्या मुलांच्या घरीं, ते कोणत्याहि धर्माचे असोत, त्याच संध्याकाळीं मुलांच्याच हातीं पोंचवावा. एज्राच्या दिवसांत लोक नियमशास्त्र ऐकून रडूं लागले, तेव्हां त्यांस सांगण्यांत आलें कीं, रडूं नका. खा, प्या, आणि ज्यांच्यासाठीं कांहीं तयार नाहीं त्यांस वांटे पाठवा. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत ही गोष्ट आहे.

चौथी : ज्या बंधूंचीं स्वतःचीं शेतें आहेत त्यांनीं ह्या वर्षीं एक कोपरा सोडावा आणि सरवा वेंचूं द्यावा. मजुरांची मजुरी सणाच्या आधीं चुकती करावी. मुलगा बापाचें खळें पाहतो. तेथें जें दिसेल तोच त्याचा खरा धडा.

शेवटीं, प्रभु येशूकडे पाहूं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत तोहि मांडवांच्या सणास यरुशलेमास गेला होता. सणाच्या शेवटल्या, मोठ्या दिवशीं, चहूंकडे आनंद चालला असतां, तो उभा राहिला आणि मोठ्यानें म्हणाला कीं, कोणी तान्हेला असेल तर त्यानें माझ्याकडे येऊन प्यावें. कोठारें भरून, मांडव घालून, मेजवानी करूनहि मनुष्याच्या आंत एक तहान उरते, हें त्यास ठाऊक होतें. त्यानें सणाची निंदा केली नाहीं. सण जेथें संपतो तेथें तो स्वतः उभा राहिला. दहा कुष्ठरोग्यांपैकीं आभार मानावयास परत आलेला एकटा मनुष्य शोमरोनी, म्हणजे परका, होता; त्यासहि प्रभूनें आपल्या पायांपाशीं जागा दिली.

त्या ओटीवरच्या मुलाचें उत्तर आतां आमच्यापाशीं आहे, आणि तें आपल्या सर्वांपाशीं असावें. "बाळा, पीक आल्यावर आपण आभार मानतों. ज्याचें शेत आहे तोहि मानतो, ज्याचें नाहीं तोहि मानतो. आपण कोठून आलों तें सांगतों. ज्याला कमी आहे त्याच्याकडे वांटा घेऊन जातों. शेजाऱ्याचें ताट भरून परत पाठवितों. हा आपला सण." आणि हें सांगून झाल्यावर त्याचा हात धरून त्यास मंदिराकडे घेऊन जावें, जातांना वाटेंत सरवा दिसला, तर त्यालाच तो वेंचूं द्यावा आणि त्याच्याच हातानें वेदीवर ठेवूं द्यावा.

प्रार्थना : हे पर्जन्याच्या आणि पिकाच्या प्रभो, सर्व राष्ट्रांच्या अंतःकरणांत जो हर्ष तूं घातलास त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतों. तो हर्ष तुझ्या पुत्राकडे घेऊन येण्यास आम्हांस तुझे साधन कर. आमच्या मुलांस गर्वापासून आणि लाजेपासून राख. आमच्या टेबलांखालीं सारलेल्या लहान जुड्या आम्हांस दाखीव, आणि ज्या आम्हीं पाहिल्या नाहींत त्यांबद्दल आम्हांस क्षमा कर. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.